मिल्टच्या मागचा पियानो ऐक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचे फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या ओळींत एकामागोमाग येते अशा रचना) घोटून हात आखडतात, मग जॅझ वाजवताना आयत्या वेळी काही सुचत नाही, तेव्हा बाख सोडू का, असं विचारलंयस. सोडू नकोस. आधी मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा 'फोंटेसा' हा १९५६चा अल्बम नीट ऐक.

चौघंच वादक. पियानोवर जॉन लुईस, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) मिल्ट जॅक्सन, बासवर पर्सी हीथ, ड्रम्सवर कॉनी के. पहिल्याच 'व्हर्साय'चा आराखडा फ्यूगचा आहे. एकाने धून मांडायची, दुसऱ्याने ती उचलायची, तोवर पहिल्याची वेगळीच ओळ सुरू झालेली असते. बांधलेलं कुठे संपलं आणि मनाचं कुठे सुरू झालं, तो सांधा शोध. पटकन सापडत नाही.

सगळे कान मिल्टकडे लागतात, आणि तो वाजवतोही तसंच. व्हायब्राफोनचा सूर डोलवणारी मोटर तो मंद ठेवायचा, म्हणून सूर थरथरत नाही, संथ डोलतो. तू मात्र त्याच्या मागचा पियानो ऐक. लुईस नुसते कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) ठोकत बसत नाही. दोन-चार सुरांची ओळ टाकतो. मिल्ट थांबला की ती पुढे येते, तो बोलू लागला की मागे सरते. फ्यूगमध्ये तुझे दोन हात जे करतात, तेच इथे दोन माणसं करतात. (आपल्याकडच्या काही हार्मोनियमवाल्यांनीही हे ऐकावं, असं माझं आगाऊ मत.)

शीर्षकाची रचना अकरा मिनिटांची. लुईसला ती इटलीतल्या कोमेदिया देल्लार्ते या जुन्या नाट्यप्रकारावरून सुचली. आपल्या वगासारखंच, कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद नटांनी उभ्याउभ्या रचायचे. प्रास्ताविकानंतर आधी व्हायब्राफोनला मोकळीक, मग पियानोला, मग ड्रम्सला. धागा मात्र तीन सुरांचाच.

ही मंडळी टक्सिडो घालून वाजवायची, त्यामुळे काहींना सगळंच फार इस्त्रीतलं वाटतं. 'व्हर्साय' मलाही जरा ताठ वाटतं. पण मग मिल्टची 'ब्लूजॉलॉजी' लाव. सरळ ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून आलेला ढंग), फ्यूगबिग काही नाही, तरी लुईसचा हात तसाच सावध.

आता रियाझ. तुला पाठ असलेल्या फ्यूगची खालची ओळ डाव्या हाताने लिहिल्याप्रमाणे वाजव, वरची विसर आणि उजव्या हाताने तिथे स्वतःची रच. जमलं की हात बदल. लय धीमी ठेव.

रविवारी ये. धून मी वाजवीन, तू साथीला बस.

तुझा,
काका