खेळातली शेती आणि घरची शेती

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची, नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आली की रोज दोन-दोन तास लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा खेळ खेळते. आमचा स्वतःचा तीन एकर कांदा आहे, तिकडे मात्र फिरकत नाही. त्या खोट्या शेतीत तिला काय मिळतं?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : दादा, मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली आणि भाचीच्या नादाने गेली चार वर्षं हाच खेळ खेळतेय. तुमचा प्रश्न मला दोन्हीकडून कळतो.

एरिक बॅरोन या अमेरिकन माणसाने साडेचारेक वर्षं खपून, चित्रांपासून संगीतापर्यंत सगळं एकट्याने करून २०१६ साली हा खेळ आणला. आजोबांची पडीक जमीन नातवंडाच्या वाट्याला येते, तिथून सुरुवात. हातात ५०० नाणी आणि पार्सनिप नावाच्या कंदाच्या १५ बिया. अंगात ताकद २७०. झारीने एका रोपाला पाणी घातलं की त्यातली २ जाते. म्हणजे चाळीस रोपं लावली तर रोज सकाळी ८० तिथेच संपली. उरलेल्या ताकदीत झाडं तोडायची की दगड फोडायचे, हे ठरवावं लागतं. रात्री दोनपर्यंत बाहेर राहिलात तर माणूस जागीच कोसळतो आणि गाठचे पैसेही जातात.

पहिल्याच वसंतात मी २० तारखेला फ्लॉवर लावला. एक बी ८० नाण्यांना, पीक यायला १२ दिवस, आणि तिथला ऋतू २८ दिवसांचा; ऋतू सरला की त्याचं उभं पीकही मरतं. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी दार उघडून बाहेर आले, तर दहाच्या दहा रोपं वाळून गेलेली. माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी जण म्हणायचे, "ताई, लागण उशिरा झाली हो, म्हणून हप्ता राहिला." मी ते फाईलवर लिहून घ्यायचे. ते म्हणणं त्या सकाळी मला खरं कळलं. खेळातल्या पैशाचं दुःख नव्हतं, रोज घातलेल्या पाण्याचं होतं.

तिला काय मिळतं म्हणाल, तर मला वाटतं हेच. आज केलेलं काम उद्या सकाळी डोळ्यांना दिसतं. कॉलेजात सहा-सहा महिने निकालाची वाट बघणाऱ्या पोरीला ते हवंसं वाटणारच.

पण तिथे दोन गोष्टी नाहीत, आणि त्या तुम्हाला रोज भोगाव्या लागतात. तिथे टीव्हीवर सांगितलेलं उद्याचं हवामान खरं ठरतं. आणि साधा पार्सनिप एक विका नाहीतर हजार, भाव ३५च. आवक वाढली म्हणून पडत नाही.

तेव्हा रागावू नका. ती खेळत असताना शेजारी बसा आणि विचारा, "काय लावलंयस? कधी निघेल?" ती भराभरा हिशेब सांगेल, बघा. मग उन्हाळ कांद्याच्या लागणीला दोन वाफे तिच्या नावावर सोडा. बियाणं कोणतं, लागण कधी, विकायचा की चाळीत ठेवायचा, सगळं तिने ठरवायचं. खर्च तिच्याच वहीत. आणि लासलगावला ट्रॅक्टर घेऊन जाल तेव्हा तिलाही न्या. लिलावात तिच्या कांद्याला पुकारलेला भाव तिला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.