मेकॅनिकल अप्रेंटिसला कंपनीत खरंच शिकायला मिळतं का, की नुसतं राबवून घेतात? नंतर कायम करतात का?

राबवून घेतात. शिकायलाही मिळतं. फक्त राबवणारा आणि शिकवणारा हे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात, आणि सही राबवणाऱ्याची चालते.

पहिले दोन महिने मी बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला उरलेली धारदार कूस, काढत होतो. फाइल (कानस) घासायची, चिप्सची, म्हणजे धातूच्या किसाची, ट्रॉली ओढायची, शिफ्ट संपताना गेज (माप तपासायची साधनं) पुसून तेल लावून जागेवर ठेवायचे. डिझाइनची स्वप्नं घेऊन येणाऱ्याला हे दिवस जड जातात. मलाही गेले. मग सीएनसी लेथवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्रावरच्या, एका काकांनी मला मोजायला बसवलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आधी हात थंड कर, मग मायक्रोमीटर धर." मायक्रोमीटर म्हणजे बारीक माप घ्यायचं हातातलं उपकरण. मला वाटलं गंमत करतायत.

कॉलेजात उष्णतेच्या प्रसरणावर गणितं सोडवली होती, मार्कही पैकीच्या पैकी. पण ती सगळी रुळांच्या फटींची आणि पुलांची. हातातला शाफ्टही (यंत्राचा गोल दांडा) तोच नियम पाळतो, हे डोक्यात कधी आलंच नाही. १०० मि.मी. व्यासाचं पोलाद एका अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण आमच्या शाफ्टची बेअरिंग सीट, म्हणजे जिथे बेअरिंग बसतं तो भाग, १०० मि.मी. एच ६ होती, म्हणजे मापात शून्य ते उणे २२ मायक्रॉन एवढीच सूट, टॉलरन्स. जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, मायक्रोमीटरपेक्षा २० अंश गरम असेल तर अख्खी टॉलरन्स गरमपणातच संपली. म्हणून काका फिनिश कटनंतर (शेवटच्या बारीक कापानंतर) जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही ग्रॅनाइटच्या टेबलावर शेजारी ठेवायचे आणि थांबायचे. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं धरतात, हे १९३१ पासून जगभर ठरलेलं आहे. पण जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असतील आणि एकाच तापमानाला आले, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

एका रात्री काका रजेवर होते. मशीनवर नवा ऑपरेटर, सकाळी डिस्पॅच, आणि कूलंटचा (जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नॉझल वाकडा होऊन धार भलतीकडे पडत होती. शाफ्ट हाताला चटका देत बाहेर येत होते. मी सुपरवायझर साहेबांना म्हटलं, "साहेब, जॉब गरम आहे, जरा ठेवू का?"

"तू थर्मामीटर आहेस का? मोज आणि लिही."

मोजलं आणि लिहिलं. मी सांगेन त्या आकड्यावर ऑपरेटर ऑफसेट देत होता, म्हणजे मशीन किती कापेल ते बदलत होता. सगळी रीडिंग ९९.९९० च्या आसपास, शीट बघून कुणीही पाठ थोपटावी अशी. सकाळी क्वालिटीने थंड शाफ्ट मोजले तर ९९.९६७, ९९.९६८. खालची मर्यादा ९९.९७८. ३४ शाफ्ट गेले. बोअर (भोक) लहान राहिला तर परत कापता येतो, शाफ्ट बारीक झाला की भंगार. प्लेटिंग करून वाचवता येतो, पण त्याला कस्टमरची मंजुरी लागते, आणि ती कोण मागणार?

चौकशी दहा मिनिटांत उरकली. "अप्रेंटिसने चुकीचं मोजलं."

इथेच माझं डोकं आजही फिरतं. मी चुकीचं मोजलं नव्हतं. गरम शाफ्टचं माप मी अगदी बरोबर मोजलं होतं!

दुसऱ्या दिवशी काका आले. काही न बोलता त्यांनी त्या ३४ मधला एक शाफ्ट उचलून वॉशिंग मशीनच्या गरम टाकीत टाकला आणि थोड्या वेळाने साहेबांच्या हातात मायक्रोमीटर दिला. आकडा आला ९९.९९१. साहेबांच्या स्वतःच्या हातून. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. रिजेक्शन रिपोर्टवर कारणाच्या रकान्यात "मोजणाऱ्याची चूक" तसंच राहिलं.

हेन्री मॉडस्ले नावाच्या इंग्रज यंत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या कारखान्यात एक बेंच मायक्रोमीटर ठेवला होता. मापावरून वाद झाला की अंतिम निकाल त्यावर, म्हणून त्याला 'लॉर्ड चॅन्सलर' म्हणत. तिथे उपकरण निकाल द्यायचं. आमच्याकडे निकाल आधी लागायचा, मायक्रोमीटर नंतर. त्याच मॉडस्लेकडे १८२५ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ कामाला लागला आणि १८४१ मध्ये त्याने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण मांडलं. शॉप फ्लोअरवर डोकं लागत नाही म्हणणाऱ्यांना हे ऐकवावं. आणि साहेब, तुम्ही अजूनही सगळ्यांना सांगता म्हणे की डिग्रीवाल्या पोरांना मायक्रोमीटर धरता येत नाही. धरता येतो. तुम्ही थांबू द्या, एवढंच.

तर तुम्हाला सांगायचं ते हे, की स्वतःची डायरी ठेवा. रीडिंगच्या शेजारी वेळ लिहा, जॉब गरम होता की थंड ते लिहा. तोंडी हुकूम मिळाला तर शेऱ्यात नोंदवा, "सांगितल्यावरून". वाईटपणा येईल, येऊ द्या. आणि हातात कला असलेला एक म्हातारा ऑपरेटर शोधून त्याच्या मशीनपाशी उभे राहा. ट्रेनिंग रूममधल्या स्लाइड्स नंतरही बघता येतात. शिफ्टची झोप, पाय दुखणं, हे सगळं होतंच, त्यावर काय लिहायचं.

आता खरं सांगायचं तर नॉझल वाकडा आहे हे मला पहिल्या दोन-तीन जॉबलाच दिसलं होतं. मी बोललो नाही, कारण आधीच एकदा झापून घेतलं होतं. आणि शीटवर सही माझीच होती, कुणी हात धरून करून घेतली नव्हती. सगळे सुपरवायझर असे नसतात हेही खरं. ड्रॉइंगवरची जिओमेट्रिक टॉलरन्सची (आकार आणि जागा किती चुकलेली चालेल याची) चिन्हं मला याच साहेबांनी शिकवली, आणि उत्तम शिकवली.

कायम करतात का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याबरोबरच्या दोघांना केलं. मला नाही. फाइलमध्ये तो रिपोर्ट होता.