बार्सिलोना या फुटबॉल क्लबचा सर्वांत चांगला हंगाम कोणता: २००८-०९ की २०१४-१५?

माझ्या मते २००८-०९. दोन्ही हंगामांत ला लीगा (स्पेनची साखळी स्पर्धा), कोपा देल रे (स्पेनची बाद पद्धतीची स्पर्धा) आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) अशी तिन्ही विजेतेपदं मिळाली, पण २००९ पूर्वी एकाही स्पॅनिश क्लबला हे जमलं नव्हतं. तेही पेप ग्वार्दिओला पहिल्यांदाच मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले त्या वर्षी! त्या संघाची खरी ओळख म्हणजे २ मे २००९ चा सामना: रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ ने हरवलं. मेस्सीला उजव्या बाजूवरून मधे आणल्यावर माद्रिदच्या बचावपटूंना त्याला कुणी अडवायचं हेच कळेना, आणि मागून शावी व इनिएस्ता चेंडू सोडत नव्हते. चॅम्पियन्स लीगच्या रोममधल्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला २-० ने हरवणाऱ्या अकरा जणांपैकी सात क्लबच्या अकादमीतून आलेले होते: वाल्देस, पुयोल, पिके, बुस्केट्स, शावी, इनिएस्ता, मेस्सी. हे मला करंडकांपेक्षाही मोठं वाटतं.

मात्र फक्त आक्रमण पाहायचं असेल तर २०१४-१५ सरस. मेस्सी, सुआरेझ, नेमार यांनी सर्व स्पर्धांत मिळून १२२ गोल केले. २००८-०९ मध्ये मेस्सी, एटो, ऑन्री यांचे १०० होते.