जिवंत डोळा, दमदार झाड, मगच पेस्ट

प्रश्न : ताई, माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुलं गळून गेली, पण दांडा अजून हिरवा आहे. त्याला केकी पेस्ट लावली की नवं रोप मिळतं असं कळलं, म्हणून एक छोटी डबी आणली आहे. दांड्याच्या सगळ्या पेरांना लावायचा विचार आहे. झाडाला तीन पानं आहेत, खालचं थोडं सुरकुतलंय. लावू का?

उत्तर : आत्ता लावू नका. डबी मिटून ठेवा आणि आधी ते सुरकुतलेलं पान बघा. वयामुळे सगळ्यांत खालचं पान पिवळं पडून गळतं, ते वेगळं. पण पान हिरवं असून मऊ पडलं, त्यावर सुरकुत्या आल्या, तर पाणी वर पोचत नाहीये असं समजा. झाड कुंडीतून काढा आणि मुळं हलकेच दाबून बघा. टणक, रुपेरी, भिजल्यावर हिरवी होणारी मुळं चांगली. तपकिरी, पोकळ, चिमटीत सालपट सुटून येणारी मुळं कुजलेली, ती कापून टाका आणि साल-मिश्रण बदला.

यावर मी एवढा जोर देते, कारण पेस्टमध्ये अन्न नसतं. तिच्यात बहुधा बेंझिलअमिनोप्युरीन नावाचं सायटोकायनिन गटातलं संजीवक, म्हणजे झाडाची वाढ चालवणारं द्रव्य असतं, लॅनोलिनमध्ये म्हणजे मेंढीच्या लोकरीपासून मिळणाऱ्या मेणात कालवलेलं. ते झोपलेल्या डोळ्याला, म्हणजे पेरावरच्या सुप्त अंकुराला फुटायला लावतं, बस्स. फुटल्यानंतरचा सगळा खर्च मूळ झाडाच्या माथी. पिलाला, म्हणजे दांड्यावर फुटलेल्या नव्या रोपाला (यालाच केकी म्हणतात), स्वतःची मुळं येईपर्यंत पाणी आणि साखर आईच पुरवते. तीन पानांच्या आजारी झाडावर हा भार टाकला तर पिलू आणि आई दोन्ही जातात. म्हणून निदान चार-पाच घट्ट पानं आणि भरपूर जिवंत मुळं असल्याशिवाय मी कुणालाही ‘लावा’ म्हणत नाही.

झाड सावरेल तेव्हा असं करा. फुलं आली होती त्याच्या खालचं एकच पेर निवडा. फार तर दोन. पेरावर एक त्रिकोणी खवला असतो. धारदार पातं ज्योतीवर तापवून गार होऊ द्या, खवल्यावर उभी चीर द्या आणि तो दोन्ही बाजूंनी सोलून काढा. आत हिरवा, बारीक डोळा दिसेल. तो तपकिरी, वाळलेला असेल तर ते पेर सोडून द्या, मेलेला डोळा पेस्टने उठत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी पेस्ट टूथपिकने त्या डोळ्यावर ठेवा. जास्त लावली म्हणून लवकर फुटत नाही, उलट एकाच जागी वेडेवाकडे कोंब गर्दी करतात आणि त्यातला एकही धड वाढत नाही.

हवा उबदार असेल तर पानांचं रोप येण्याची शक्यता जास्त, गारव्यात त्याच डोळ्यातून फुलांचा फाटा निघतो. फाटा निघाला म्हणून हिरमुसू नका, फुलं बघा. हालचाल दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. आधी पानं येतात, मुळं बरीच मागून. दोन-तीन मुळं 5 ते 7 सेंटिमीटर झाली की पिलाच्या दोन्ही बाजूंना दांड्याचा थोडा तुकडा ठेवून कापा आणि लहान कुंडीत साल व स्फॅग्नम मॉस या शेवाळात लावा. फुलासाठी साधारण दोन-तीन वर्षं धीर धरावा लागेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पानांवर चट्टेपट्टे असलेल्या, फुलांवर रंग फाटलेल्या झाडापासून पिलं घेऊ नका. सिंबिडियम मोझॅकसारख्या विषाणूंवर औषध नाही. पिलू आईचंच रूप घेऊन येतं, तसा विषाणूही घेऊन येतो. पातं तापवायचं ते याचसाठी, दर झाडाला पुन्हा.

प्रश्न : मॉन्स्टेराच्या छाटाला पाण्यात मुळं येत नव्हती. मग कापलेल्या टोकाला केकी पेस्ट लावली. तरीही काही नाही. कमी पडली का?

उत्तर : कमी पडली नाही, चुकीच्या जागी लागली. मुळं फुटायला ऑक्झिन गटातलं संजीवक लागतं. रूटिंग पावडरीत बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, ते या गटातलं. सायटोकायनिन कोंब फोडतं आणि मुळांना मागे खेचतं. स्कूग आणि मिलर या संशोधकांनी 1957 मध्ये तंबाखूच्या ऊतींवर हे दाखवलं : ऑक्झिन वरचढ असेल तर मुळं, सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब. तेव्हा पेस्ट लागलेलं टोक स्वच्छ पात्याने कापून टाका, पण पेर राखून. छाटाला पेरच नसेल, नुसतं पान आणि देठ असेल, तर त्याला कदाचित मुळं येतील, पण वेल कधीच होणार नाही.

पेस्टचा खरा उपयोग उंचच उंच वाढलेल्या, मधे उघड्या पडलेल्या रबर प्लांटला किंवा फिडल लीफ फिगला होतो. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे थिमन आणि स्कूग यांनी 1930च्या दशकात बाकल्याच्या रोपांवर दाखवलं. हा स्कूग तोच. गळलेल्या पानाच्या खुणेवर जो डोळा असतो, त्यावर किंचित पेस्ट लावली की तो दाब मोडून बगलफूट येऊ शकते. अर्थात शेंडा खुडूनही बगलफूट येते, आणि मनी प्लांटला तर मी खुडणंच सुचवेन. शेंडा जपायचा असेल तिथे पेस्ट.

प्रश्न : पॅफिओपेडिलम आणि डेंड्रोबियम या ऑर्किडना हीच पेस्ट चालेल का?

उत्तर : पॅफिओपेडिलमच्या फुलदांड्यावर तिचा उपयोग नाही, ते झाड बुडातून फुटवे देतं, झुडूप दाटलं की विभागून घ्या. डेंड्रोबियमच्या बऱ्याच जाती कांडीवर आपोआप पिलं देतात. खूप पिलं एकदम आली तर कुंडीतली मुळं तपासा, बऱ्याचदा ती कुजलेली निघतात. पानं गळलेली जुनी कांडी टणक असेल तर कापू नका. नव्या कोंबाला ती पोसत असते, आणि पुढे कधी कापलीच तर तुकडे ओलसर मॉसवर आडवे ठेवा, पेरांतून पिलं येतात.