अर्धा स्वर उतरलेला जुना पियानो एकाच बैठकीत मूळ पट्टीत आणता येतो का?

मडगावच्या घरातील आपल्या आजींचा पियानो 20 वर्षे कोणी लावलेला नाही, त्याचा मधल्या सप्तकातला ए हा स्वर 440 ऐवजी 415 हर्ट्झच्या आसपास वाजतो आणि तो एका दिवसात चढवताना तारा तुटतील का, असे आपण विचारले आहे. पियानो धड असेल तर एका दिवसात चढेल, मात्र त्या दिवशी लावलेला सूर टिकणार नाही, हे आधीच गृहीत धरावे.

पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि योग्य पट्टीत लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण साधारण 18 टन भरतो. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढत असल्यामुळे अर्धा स्वर, म्हणजे 100 सेंट (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक), चढवण्यासाठी ताण सुमारे 12 टक्क्यांनी वाढवावा लागतो. हा जवळजवळ 2 टनांचा जादा ताण लोखंडी चौकटीवर येतो; त्याचा काही अंश ब्रिजमार्फत (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी) साउंडबोर्डाला (आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला) दाबतो आणि साउंडबोर्ड दबला की आधी लावून झालेल्या तारा सैलावतात. त्यामुळे मधल्या सप्तकापासून सुरुवात करून शेवटच्या तारेपर्यंत पोहोचावे, तोवर मधले सप्तक पुन्हा उतरलेले असते.

यावर उपाय म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक तार हव्या त्या स्वराच्याही थोडी वर नेऊन ठेवतात. जितकी उतरली असेल त्याच्या साधारण चौथा हिस्सा वर, असा अंदाज असतो. खर्जात तो कमी धरतात. ही फेरी मी तासाभरात उरकतो, कारण जी तार पुढच्या दहा मिनिटांत हलणारच आहे तिच्यावर कान लावून बसण्यात अर्थ नसतो. तारा गंजलेल्या असतील तर मात्र मी एकदम वर न नेता दोन टप्प्यांत चढवतो आणि त्यानंतरच बारकाईने लावतो.

तारा तुटण्याची आपली भीती रास्त आहे, विशेषतः गोव्याच्या खाऱ्या हवेत. गंजाने तार टेकूला चिकटलेली असते, म्हणून खुंटी आधी किंचित उलटी फिरवून तार सैल करावी. बारीकसा ‘टक्’ आवाज आला की ती सुटली असे समजून मगच चढवावी. उमेदवारीच्या काळात ही पायरी गाळून मी एका दुपारी तीन तारा तोडल्या होत्या. साधी तार लगेच बदलता येते, पण तांबे गुंडाळलेली खर्जाची तार मापाने करवून घ्यावी लागते.

खुंट्या लाकडात ढिल्या असतील, चौकटीला तडा असेल किंवा पियानो पूर्ण लोखंडी चौकट नसलेल्या जुन्या घडणीचा असेल, तर मी पट्टी चढवतच नाही; तो आहे त्याच पट्टीत आपल्याआपल्यात सुरात लावतो. एकट्याने वाजवणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही; व्हायोलिनच्या साथीला बसायचे असेल तरच अडचण येते.

हे काम भर पावसाळ्यात काढू नये. दमट हवेने साउंडबोर्ड फुगून स्वर आपोआप थोडा चढतो आणि हवा कोरडी झाली की परत उतरतो, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा तो लावून घ्यावा लागेल. ट्यूनरला बोलावताना फोनवरच 415 हा आकडा सांगावा, म्हणजे तो जादा तारा बरोबर आणील आणि अर्धा दिवस मोकळा ठेवील.