आठवड्यातलं एक जेवण मुलांच्या हवाली करा

मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा. आठवड्याचा स्वयंपाक ठरवणं आणि बाजारहाट यांतून त्यांना व्यवहार शिकवता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

नक्की शिकवता येईल. मी सोलापूरची. माझी दोन मुलं साधारण याच वयाची असताना आम्ही हे सुरू केलं. आधी मी यादी करायचे आणि मुलं सोबत यायची, पण त्यात ठरवण्याचं सगळं काम माझ्याकडेच राहायचं. मग बुधवारचं रात्रीचं जेवण पूर्ण त्यांच्याकडे दिलं. काय करायचं, घरात काय आहे, काय आणायचं, किती पैशांत, उरलेल्याचं काय करायचं, सगळं त्यांनीच बघायचं.

आणि चूक होताना दिसली तरी मध्ये पडू नका. हे मला सगळ्यात जड गेलं. पहिल्याच महिन्यात लेकीने लक्ष्मी मार्केटमधून मेथीच्या पाच जुड्या आणल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून. एप्रिल होता, आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेलच. मी गप्प राहिले. दोन जुड्या निवडेपर्यंत तिचा तास गेला. बाकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळ्या पडल्या. त्यानंतर तिने स्वतःच वहीत क्रम लिहिला: बाजारातून आलं की आधी पालेभाजी संपवायची, मग वांगी-दोडका, भोपळा मागे ठेवायचा आणि कडधान्य सगळ्यात शेवटी. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

उलटं मोजायला शिकवायचं असेल तर मटकीसारखं दुसरं काही नाही. गुरुवारी सकाळी डब्याला उसळ हवी, तर मंगळवारी रात्री मटकी भिजत घालायची, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा कुठे गुरुवारी मोड दिसतात. एकदा विसरले की पुढच्या वेळी मुलं स्वतःच आठवण करतात.

ज्वारीचंही तसंच. किलोभर पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. आमच्याकडे दिवसाला आठ लागतात. मग आठवड्याला किती दळायचं? पाच किलोच्या आसपास, हे लेकीने काढलं. एकदम महिन्याचं का नको, असं तिने विचारलं, तेव्हा डब्याच्या तळाचं जुनं पीठ तिला मळायला दिलं. पीठ विरी गेलं, म्हणजे जुनं होऊन त्याचा चिकटपणा गेला, की भाकरी थापताना तुटते, हे हातालाच कळतं.

आठ वर्षांच्या मुलाला पाकिटं वाचायला द्या: वजन, तारीख, किंमत. छापलेली किंमत ही जास्तीत जास्त असते, दुकानदार त्याहून कमीत देऊ शकतो, हे त्याला सांगा. समजा, शेंगा चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट ७० रुपयांना आणि अर्ध्या किलोचं १६० ला आहे. शंभर ग्रॅमला एक ३५ पडतं, दुसरं ३२. माझ्या लेकाने लगेच मोठं उचललं. तेव्हा फक्त एवढंच विचारायचं, की आपल्याकडे महिन्यात किती संपते? दाण्याच्या चटणीला ठेवून ठेवून खवट वास येतो.

उरलेले पैसे बक्षीस म्हणून देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. मी एकदा दिले, तर लेकाने पुढच्या यादीतून लिंबू, दही, कोथिंबीर सगळंच काढून टाकलं. आता उरलेली रक्कम पुढच्या बुधवारच्या पैशांत जमा होते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यातून पनीर किंवा आमरस होतो.

बाजारात मुलांना बोलू द्या. 'मावशी, वांगी कशी दिली?' हे तुम्ही नाही, त्यांनी विचारायचं. ८० रुपये किलो म्हणजे पाव किलोचे किती, हे तिथे उभं राहून तोंडी करू द्या, मागे गर्दी असली तरी. भाजीवाल्या बायका मुलांना फार सांभाळून घेतात, असा माझा अनुभव आहे. बाजाराला मात्र सुट्टीची सकाळ ठेवा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याचा दिवस बाजाराला धरतच नाही.

पहिल्या वेळी पिठलं-भाकरी ठेवा. बेसन, कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर आणि ज्वारीचं पीठ, बाकी फोडणीचं घरात असतंच. आधी डबे उघडून बघायला सांगा आणि जे नाही तेवढंच लिहू द्या. गॅसपाशी तुम्ही उभ्या राहा, यादीला मात्र हात लावू नका.