कानाखाली एकाच बाजूला सूज, वरची कातडी लाल, पंधरा दिवस झाले तरी मुलीचा ताप जात नाही. गालगुंडच असेल का?

पंधरा दिवस, एकच बाजू आणि वरची कातडी लाल? गालगुंड असं वागत नाही. पूही धरत नाही.

आमचं गाव कुडाळजवळ. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, लावणीत तरव्याच्या मुठी पोचवत दिवसभर चिखलात. उजव्या कानाखाली सुजलं तेव्हा दादा म्हणाला, "गालगुंडच ता, आठ दिसांत उतारतला." हळद-चुन्याचा लेप झाला, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. बाराव्या दिवशी सूज लिंबाएवढी, कातडी ताणून चकचकीत, बोट लावलं की आत पू हलायचा. गोव्यात सर्जननी चीर दिली. पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवाच, म्हणून मी अडून बसलो. दादाच्या मते पैसे उडवत होतो.

रिपोर्ट आला 'स्यूडोमोनास' नावाच्या जंतूचा. औषध बदललं, ताप तसाच. मग दुसऱ्या लॅबमधल्या मॅडमनी फोन केला: जेंटामायसिन या अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि को-अमॉक्सिक्लॅव्ह या दुसऱ्याला देतो, हा साधा स्यूडोमोनास नव्हे. निघाला मेलिऑयडोसिस. भातशेतीच्या मातीपाण्यातला जंतू, खरचटलेल्या कातडीतून शिरतो, पावसाळ्यात जास्त. १९१२ मध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमधून या रोगाचं वर्णन केलं. थायलंडमध्ये मुलांना तो बऱ्याचदा असाच कानाखालच्या लाळग्रंथीत होतो. आपल्याकडे १९९१ मध्ये मुंबईतल्या एका मुलात सापडल्याची नोंद आहे, तरी पहिल्या झटक्यात कुणाच्या डोक्यात येत नाही.

चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम, मग तीन महिने को-ट्रायमोक्साझोल. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, तो उलटतो.

तेव्हा पू निघाला तर फेकू देऊ नका, कल्चर कराच, आणि मुलगी शेतात-चिखलात खेळते हे लॅबला सांगा. घरी फोडू नका, चेहऱ्याची नस तिथूनच जाते. मी डॉक्टर नाही. तुमच्याकडे साधा जंतू, लाळग्रंथीतला खडा किंवा टीबीही असू शकतो. पण उद्याच दाखवा.

आणि "आम्ही जन्मभर चिखलात, आम्हाला काय झालं" हे ऐकून घेऊ नका. या रोगाचा सगळ्यात मोठा धोका मधुमेह असलेल्यांना. दादाला दहा वर्षं शुगर आहे, टाचांना भेगा आहेत, आणि मी आणलेले गमबूट पडवीत तसेच पडलेत. दादा, वाचत असशील तर या मिरगाला ते घाल.